दाजींचा आय-सेव्हन

"ऐक रे, मशीनमधी आय-सेव्हन टाकायलोय. बेचाळीसशे म्हणतोय तो. टाकू का नको, तेवढं सांग."

मे २०२५ मधली दुपार, आणि फोनवर दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. मानवतला त्यांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्सची डिझाईनं, झेरॉक्स, आणि दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्न, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर अशा दाखल्यांचे फॉर्म. माझं परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. असे फोन मला महिन्याला दोन-तीन तरी येतात: मशीन जुनं झालंय, बोर्डावरच्या त्याच सॉकेटमध्ये, म्हणजे खाचेत, बसणारा मोठा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतोय, टाकू का? बहुतेकांना मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा होतो. इथं तसं करता येईना. एक तर हे मशीन २०१२ च्या दिवाळीत मीच जोडून दिलेलं, आणि दुसरं, पैसे बहिणीच्या घरातून जाणार होते.

मशीनमध्ये काय होतं ते आधी सांगतो. इंटेलचा कोअर आय३-२१२० प्रोसेसर, म्हणजे दोन कोअर (काम करणारे हात), चार थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं), वेग ३.३ गिगाहर्ट्झ. एच६१ चिपसेटचा बोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, सॉकेट एलजीए ११५५. चार जीबीची एकच, जुन्या डीडीआर३ प्रकारची रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा), ५०० जीबीची हार्ड डिस्क, साधा लोकल एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. मुळात विंडोज ७ टाकून दिलेलं, पुढं कधीतरी विंडोज १० झालेलं. संभाजीनगरचा एक सेकंडहँड मालवाला दाजींना आय७-३७७० देत होता. चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्झ, जोर लावला की ३.९ पर्यंत. कागदावर बघितलं तर भुरळ पडावी असाच सौदा. सॉकेट तोच, बोर्ड बदलायचा नाही, रॅम बदलायची नाही, जुना काढायचा आणि नवा बसवायचा.

"तुम्हाला नेमकं कशात हळू वाटायलंय?" मी विचारलं.

"समद्यातच. लई हँग मारायलंय."

'समद्यातच' या उत्तरावर मी आजवर कधीच काही विकलेलं नाही. खरं म्हणजे एकदा विकलंय, त्याची गोष्ट पुढं येईल. दाजींना म्हटलं, तीन दिवस एक काम करा. जिथं तुम्हाला हात बांधून बसावं लागतं तिथं वहीत ओळ लिहायची. काय करत होतो आणि किती वेळ बसलो. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. दाजी कुरकुरले, पण माणूस हिशेबाचा. पत्रिकेच्या नमुन्यांच्या वहीतलं मागचं पान फाडून त्यांनी लिहून काढलं आणि रविवारी मी मानवतला गेलो तेव्हा पुढ्यात ठेवलं.

सतरा ओळी होत्या. त्यातल्या सहा दाखल्यांच्या पोर्टलच्या: पान उघडेना, ओटीपी येईना, अपलोड होऊन पुन्हा शून्यावर. पाच ओळी फ्लेक्सची फाईल सेव्ह करण्याच्या. तीन सकाळी मशीन चालू करण्याच्या. दोन व्हिडिओच्या, कारण भाच्यानं यंदा लग्नांचे हायलाइट्स करून द्यायला सुरुवात केली होती. आणि एक ओळ नुसती 'लाईट गेली' अशी.

त्या सहा ओळींवर मी तिथंच रेघ मारली. सर्व्हर पलीकडचा, नेट टॉवरचं, ओटीपी गिऱ्हाईकाच्या फोनवर, आणि तो फोन त्याच्या पोराच्या खिशात. यात आय-सेव्हन काय करणार? निकालाच्या हंगामात दाजींची निम्मी चिडचिड या सहा ओळींतून येते आणि राग निघतो समोरच्या डब्यावर. रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला.

मग कॅबिनेट उघडलं.

मानवत कापसाचं गाव. हंगामात जिनिंगच्या वाऱ्यावर रुईचे तंतू उडत असतात, आणि दाजींचं दुकान त्याच वाऱ्याच्या तोंडाला. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर, तंतू आणि धूळ मिळून एक पोपडाच धरला होता. गोधडीतल्या जुन्या कापसासारखा. चिमट्यानं उचलला तर अखंड निघाला, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, करडा, एका बाजूनं पंख्याच्या पात्यांची गोल नक्षी उमटलेला. भाच्यानं त्याचा फोटो काढून ठेवला. पंखा फिरत होता, आवाजही नीट होता. फक्त त्याची हवा खाली पोचतच नव्हती.

दुसरी गोष्ट माझ्या अंगावर आली. इंटेलच्या त्या हीटसिंकला चार कोपऱ्यांत चार काळे प्लॅस्टिकचे पाय असतात. समोरासमोरच्या जोडीनं दाबायचे, प्रत्येक पाय 'टक' असा आवाज करून बोर्डात अडकतो. यातला एक पाय अर्धाच बसलेला होता. बोटानं दाबला तर खाली-वर होत होता. म्हणजे हीटसिंक एका कोपऱ्यात किंचित उचललेला, आणि प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी मधली पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. मशीन कधी हलवताना तो सुटला असेल असं मी दाजींना सांगितलं. खरं तर तेरा वर्षांपूर्वी मी चौथा 'टक' ऐकला होता का, ते मला आजही सांगता येणार नाही.

साफ करायच्या आधी आकडे घेतले होते ते बरं झालं. भाच्याचा पाच मिनिटांचा एक हायलाइट एक्स्पोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओची फाईल बनवायला, लावला आणि शेजारी तापमान बघत बसलो. दोन मिनिटांत काटा ९७-९८ अंशांवर गेला आणि प्रोसेसरचा वेग ३.३ वरून १.६ गिगाहर्ट्झवर खाली आला. इथं बऱ्याच जणांचा घोटाळा होतो म्हणून सांगतो. मशीन रिकामं असताना १.६ दिसलं तर ते ठीकच आहे, वीज वाचवायला तो आपणहून खाली बसतो. पण काम अंगावर असताना १.६ वर आला तर तो स्वतःला जळण्यापासून वाचवतोय असं समजायचं. दाजींकडे दोन कोअरचा ३.३ चा प्रोसेसर होता आणि ते निम्म्या वेगाचा वापरत होते. किती महिने, कोण जाणे. परभणीकडं मे महिन्यात ४२-४३ अंश काही नवलाचे नाहीत. दुकानात कूलर आहे, पण त्याचं तोंड गिऱ्हाईकाकडं. मशीन टेबलाखाली भिंतीला टेकून, हवा कोंडलेली.

ब्लोअर मारला, जुनी पेस्ट पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, चारही पाय आवाज ऐकून बसवले. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं. खर्च पेस्टच्या ट्यूबचे दीडशे रुपये. तोच व्हिडिओ, तेच सेटिंग: आधी ३१ मिनिटं लागली होती, आता १९. तापमान ७४ च्या वर गेलं नाही.

इथंच दाजी म्हणाले, "मग आता आय-सेव्हन टाकल्यावर तर उडंल की."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण उडेल कोणतं काम? वहीतल्या पाच ओळी फ्लेक्सच्या होत्या, पोट भरतं ते त्यांच्यावर. म्हणून फ्लेक्सकडं वळलो.

आमच्याकडच्या फ्लेक्सचं एक वेगळंच गणित असतं. वाढदिवसाचा फ्लेक्स १० बाय ८ फुटांचा. वर साहेब, मधे ज्याचा वाढदिवस तो गॉगल लावून, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. दाजींनी उघडलेल्या फाईलमध्ये ३८ शुभेच्छुक होते. प्रत्येकाचा फोटो वेगळा कापलेला, प्रत्येकाच्या मागं पांढरी कडा, प्रत्येकाला वाटतं माझं तोंड शेजाऱ्यापेक्षा लहान झालंय. शेवटच्या घटकेला दोन नावं वाढतात आणि एक कमी होतं. ते का कमी झालं हे दाजी विचारत नाहीत.

आता हिशेब करा. १० फूट म्हणजे १२० इंच, ८ फूट म्हणजे ९६. इंचाला ७२ ठिपके धरले तरी ८,६४० गुणिले ६,९१२, म्हणजे जवळपास सहा कोटी पिक्सेल. छपाईच्या चार रंगांत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट. नुसता एक सपाट थर २३९ एमबीचा झाला. त्यावर पार्श्वभूमी, सावल्या, झेंडे, फुलं आणि ३८ तोंडं. मशीनमध्ये रॅम चार जीबी, त्यातली दीड-दोन विंडोजच खातं, शेजारी ब्राउझरमध्ये दाखल्याचं पोर्टल उघडं. रॅम संपली की विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, हवा तो तुकडा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळा. एकदाच असेल तर कळतही नाही. हजारो वेळा असेल तर माणूस चहा पिऊन येतो.

कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून दाजींना दाखवलं. टिफ, म्हणजे छपाईला जाणारी फाईल, सेव्ह होताना डिस्क १०० टक्के, रॅम ९४ टक्के, प्रोसेसर २०-२५. चार मिनिटं दहा सेकंद प्रोसेसर जवळजवळ रिकामाच बसलेला, तुंबलेल्या पाईपकडं बघत. त्याच्या जागी आठ थ्रेडचा आणून बसवला असता तर आठ जण बसले असते.

म्हणून पहिला खर्च रॅम आणि एसएसडीवर, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, करायचा असं मी सांगितलं. एच६१ बोर्डाला रॅमच्या दोनच जागा, १६ जीबीपर्यंत चालते. आठ जीबीची जुनी डीडीआर३ माझ्या दुकानात होती, ती ७०० रुपयांना धरली. आधीची चार ठेवून बारा झाली. २५६ जीबीची नवी साटा एसएसडी १,६५० रुपयांना. एच६१ वर साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, पोर्ट जुने, ३ गिगाबिटचे, म्हणजे एसएसडी तिच्या निम्म्या वेगानं, सेकंदाला तीनशे एमबीच्या आतच धावणार, हे दाजींना आधीच सांगितलं. नंतर कुणी भाच्याला यूट्यूबवर दाखवायचं, आणि मग मामानं जुनी एसएसडी गळ्यात मारली असं व्हायला नको. पण इथं नळाच्या जाडीपेक्षा वाट बघणं थांबण्याला महत्त्व होतं. एसएसडीत फिरणारी चकतीच नाही, त्यामुळे ते आठ मिलिसेकंद गेले.

पुढच्या रविवारी विंडोज आणि सॉफ्टवेअर एसएसडीवर नेलं, जुनी हार्ड डिस्क फायली ठेवायला राहू दिली. वहीच्या त्याच पानावर आकडे लिहिले. मशीन चालू करून कोरल, म्हणजे डिझाईनचं सॉफ्टवेअर, हाताखाली येईपर्यंत आधी ६ मिनिटं ४० सेकंद, आता ५५ सेकंद. ३८ शुभेच्छुकांची फाईल टिफमध्ये सेव्ह व्हायला ४ मिनिटं १० सेकंद, साफसफाईनंतर ३:०५, आता ४८ सेकंद. दाखल्याचा एक फॉर्म आधी ११ मिनिटं, आता १०. तो एक मिनिटही कागदपत्र स्कॅन करून ५०० केबीच्या आत बसवण्यात वाचला, पोर्टलवर नाही. आणि व्हिडिओ १९ वरून १८. म्हणजे व्हिडिओला काही फरक नाही.

आता खरा प्रश्न उरला होता, आणि तो पहिल्यांदाच नीट दिसत होता. एक्स्पोर्ट चालू असताना प्रोसेसर १०० टक्के, डिस्क ५, रॅम अर्धी मोकळी. इथं मात्र खरंच आय-सेव्हन कामाला आला असता. कोअर दुप्पट आणि वेग ३.३ वरून ३.९, म्हणजे फार तर २.३६ पट. १८ मिनिटांचे साडेसात. सगळे कोअर एकदम ३.९ वर धावत नाहीत आणि कुठलंच सॉफ्टवेअर सगळे कोअर पुरेपूर वापरत नाही, तेव्हा आठ-नऊ मिनिटं धरा. दर व्हिडिओमागं दहा मिनिटांची बचत.

भाचा लग्नसराईत महिन्याला सात-आठ व्हिडिओ करतो. महिन्याला ऐंशी मिनिटं वाचतील. त्याला विचारलं, "एक्स्पोर्ट कधी लावतोस?"

"रात्री जेवायला जाताना, मामा."

उत्तर ऐकून दाजीच हसले.

तरीही नाही म्हणायला एवढं पुरेसं नव्हतं. धंदा वाढला तर दिवसाही एक्स्पोर्ट लागेल, एडिटिंग करताना टाईमलाईन अडखळते तीही सुटेल. म्हणून बेचाळीसशे रुपयांत नेमकं काय काय येतं ते बघितलं. आधी बायोस, म्हणजे मशीन चालू होताना बोर्डावरचे भाग ओळखणारा प्रोग्राम. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बघितलं तर बोर्डाच्या बायोसची तारीख ऑक्टोबर २०११. आय७-३७७० ज्या तिसऱ्या पिढीचा, ती पिढी बाजारात आली एप्रिल २०१२ मध्ये. म्हणजे हा बायोस त्या प्रोसेसरला ओळखणारच नाही. सॉकेटमध्ये तो व्यवस्थित बसेल, पंखा फिरेल, आणि स्क्रीन काळी राहील. 'सॉकेट तोच आहे' हे विकणाऱ्याचं वाक्य खरंच असतं, फक्त अर्धं.

बायोस अपडेट करता येतो. आणि इथं माझी ती गोष्ट येते. २०१९ मध्ये जिंतूरच्या एका गिऱ्हाईकाला मी असाच तिसऱ्या पिढीचा आय-फाईव्ह 'समद्यातच हळू आहे' या तक्रारीवर विकला आणि बायोस अपडेटला लावला. टक्केवारी साठच्या पुढं गेलेली, तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस होता. त्याची बॅटरी आदल्या उन्हाळ्यातच मेलेली होती आणि ते मला त्या क्षणी कळलं. बोर्ड कायमचा गप्प. नवा बोर्ड मी पदरचा घालून दिला, आणि सगळं झाल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, "आधीसारखंच चालायलंय की." हार्ड डिस्क तीच होती ना. आता माझ्याकडं बायोसची चिप बाहेरून लिहायचा सीएच३४१ए प्रोग्रामर असतो आणि यूपीएसची बॅटरी मी आधी लोड देऊन बघतो. पण ही सगळी जोखीम सांगताना 'बनी तो बनी, नही तो परभणी' म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही. दुकान बंद राहिलं तर जूनमधला एक दिवसही दाजींना बेचाळीसशेपेक्षा महाग पडतो.

बायोस टाळायचा तर दुसऱ्या पिढीचा आय७-२६०० घेता येतो, जुना बायोस त्याला ओळखतो. चार कोअर, आठ थ्रेड, ३.८ पर्यंत. पण तो ९५ वॅटचा, आणि जितके वॅट जास्त तितकी उष्णता जास्त. दाजींचा आय-थ्री ६५ वॅटचा, आय७-३७७० हा ७७ वॅटचा. बारा वॅट वाढले तर फारसं काही बिघडत नाही. तीस वॅट वाढले तर आय-थ्रीसोबत आलेला तो बुटका हीटसिंक मे महिन्यात टिकाव धरणार नाही. नवा कूलर घ्या, म्हणजे आणखी सात-आठशे. आणि परत रुई आहेच.

शिवाय सेकंडहँड प्रोसेसरचं एक बरं असतं, तो सहसा खराब होत नाही. होतं ते बसवताना. एलजीए सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डात असतात, ११५५ बारीक सोनेरी पिना. प्रोसेसर हातातून निसटून त्यांवर पडला तर केसाएवढी पिन वाकते आणि रॅमची एक जागा दिसेनाशी होते. मी बसवायच्या आधी मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून सॉकेटचा फोटो काढतो. सगळ्या पिनांची चमक एका दिशेला दिसली पाहिजे, पिकात वारा गेल्यासारखी.

पण शेवटी 'नाही' या बाजूला मला नेलं ते वेगळ्याच गोष्टीनं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आय-थ्री काय आणि आय-सेव्हन काय, दोघंही दाराबाहेरच. जुगाड करून ११ टाकता येतं, मी गिऱ्हाईकांना टाकूनही देतो, पण सांगून. दाजींच्या मशीनवर लोकांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं, सातबारे, हल्ली कुणबी नोंदींसाठी निजामकाळातल्या कागदांचे स्कॅनही पडलेले असतात. जिथं दुसऱ्यांचे कागद आहेत तिथं मला जुगाड नको वाटतो. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केलेत, तेवढी एक वर्षाची फुरसत मिळते. म्हणजे बेचाळीसशे रुपये अशा बोर्डात जाणार होते ज्याला नेटवर राहायला साधारण दीड वर्ष उरलेलं.

मी दाजींना एकच विचारायला सांगितलं: आज घेतलेली वस्तू पुढच्या मशीनमध्ये नेता येईल का? एसएसडी येईल. डीडीआर३ रॅम येणार नाही, पण ती सातशेची. प्रोसेसर येणार नाही, आणि तो बेचाळीसशेचा.

त्याच वहीत नव्या मशीनचं कोटेशनही मांडलं. आय३-१२१००, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, बरा एसएमपीएस, मॉनिटर जुनाच. २७ हजार. गंमत अशी की या आय-थ्रीलाही चारच कोअर आणि आठच थ्रेड, अगदी आय७-३७७० सारखे, पण दहा वर्षं नंतरचे, ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे, आणि विंडोज ११ ला कायदेशीर चालणारे. 'आय-सेव्हन' या नावाला दाजी, भाचा आणि मालवाला तिघंही भुलले होते. नावातला आकडा पिढीच्या आत मोठा-लहान सांगतो, पिढ्यांच्या पल्याड त्याला अर्थ उरत नाही. ताईला हे मी सासू-सुनेच्या उदाहरणानं समजावलं होतं, ते इथं लिहीत नाही.

मग सगळंच नव्यावर का नेत नाही? कारण दाजींचं जुनं कोरल, मराठी टायपिंगचं डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी किल्ली) आणि तेरा वर्षांच्या पत्रिका. सगळ्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या. ज्याच्या लग्नाची पत्रिका २०१४ ला केली त्याच्या पोराच्या जावळाची पत्रिका आता येते, आणि दाजी जुनी फाईल उघडून आजोबांची नावं तशीच उचलतात. ते फॉन्ट नसलेल्या नव्या मशीनवर ती उघडली तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तेव्हा जुनं मशीन डिझाईनसाठी राहणारच होतं. त्याला वेगवान करणं वाया जाणार नव्हतं, आणि ते दीडशे अधिक सातशे अधिक साडेसोळाशे, अडीच हजारांत झालं होतं.

ठरलं असं: प्रोसेसर नाही. दसऱ्याला नवं मशीन घ्यायचं, नेटची कामं आणि व्हिडिओ त्यावर, जुन्याची नेटची वायर काढून टाकायची.

इथं माझा सल्ला फसला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातलं सोयाबीन, कापूस पाण्यात गेला. मानवतसारख्या गावात पीक गेलं की पत्रिका साध्या होतात आणि फ्लेक्स छोटे. दसरा गेला, दिवाळी गेली. डिसेंबरात ताईनं पैसे काढून दिले तोवर रॅमचे भाव असे चढले होते की तेच कोटेशन ३३ हजारांवर गेलं. मेमध्येच हप्त्यानं घ्या म्हटलो असतो तर सहा हजार वाचले असते, म्हणजे एक आय-सेव्हन आणि वर कूलर. दाजींनी हे बोलून दाखवलं नाही. ताईनं दाखवलं. शेवटी १६ ऐवजी ८ जीबी रॅमवर थांबलो आणि बोर्डातली दुसरी जागा मोकळी ठेवली. भाच्याचा तो पाच मिनिटांचा हायलाइट आता चार मिनिटांच्या आत निघतो, आणि तो अजूनही जेवायला जातानाच लावतो.

मी नेहमीच प्रोसेसर बदलायला नाही म्हणतो असं कुणी समजू नये. दोन कोअर-दोन थ्रेडचा पेंटियम असेल, बायोस आधीच नवा असेल, एसएसडी आणि रॅम झालेली असेल आणि तरी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच १०० वर दिसत असेल, तर मी स्वतः शोधून बसवून देतो. दाजींच्या बाबतीतही आकडा ठरवला होता. जुन्या मशीनला आणखी तीन-चार वर्षं फक्त फ्लेक्स करायचेत, त्यात ४८ सेकंदांचे फार तर ४० होतील. एवढ्यासाठी दीड हजारापर्यंत हरकत नाही. मग बायोसची जोखीम माझी, मजुरी माफ, आणि यूपीएस मी माझा घेऊन येईन.

जानेवारीत पुन्हा फोन.

"ऐक रे, तो संभाजीनगरवाला अठ्ठावीसशेवर आलाय."

"दाजी, अजून तेराशे उतरू द्या."

"म्हणजे उन्हाळा लागंल."

"लागू द्या. तवर टेबलाखालचं कॅबिनेट भिंतीला चिटकलं नाही ना, ते बघा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग कॅबिनेट फरशीवरून ओढल्याचा.